सात छेद बारा

भाचीच्या वहीत उत्तर होतं ३ पूर्णांक २/७. त्याखाली दोन रेघा, पट्टीने ओढलेल्या. उत्तराची खात्री नसली की माणूस रेघा जास्त सरळ ओढतो. बँकेत तीस वर्षं चलनं तपासून मला एवढं नक्की कळलं आहे.

गणित मीच घातलं होतं. ती सहावीत आहे. शनिवारी ताई तिला आमच्याकडे इंदिरानगरला आणून सोडते आणि रविवारी संध्याकाळी घेऊन जाते. मधल्या वेळात अभ्यास मामाकडे, खाणंपिणं आजीकडे. समच्छेद अपूर्णांकांच्या बेरजा तिने शेंगा फोडाव्यात तशा संपवल्या. भिन्नछेदांचं पान शाळेत अजून व्हायचं होतं, पण पोरगी हुशार आहे, बघू काय करते, म्हणून मी वहीत एक गणित जादा घातलं. हाताला आले ते आकडे लिहिले :

१ पूर्णांक १/३ + २ पूर्णांक १/४

तिने आधी पूर्णांक बाजूला काढले. एक आणि दोन तीन. इथवर छान. मग अंश अंशात मिळवले, छेद छेदात मिळवले, आणि दोन रेघा ओढून वही माझ्यापुढे सरकवली.

"छेद का मिळवलेस?"

"अंश मिळवले की. मग छेदांनी काय केलं?"

प्रश्न रास्त होता. शाळेत असताना मला हा प्रश्न पडला असता तर हातावर छडी बसली असती, म्हणून तो पडलाच नाही. आम्ही "छेद समान करा, अंशांची बेरीज करा" हे आरतीसारखं पाठ केलं आणि आरतीसारखंच अर्थ न विचारता म्हणत राहिलो.

मी तिला म्हटलं, तुझं उत्तर चुकलंय असं मी म्हणत नाही, तूच तपास. १/३ मोठा की २/७? तिने दोन्हींचा छेद एकवीस केला. ७/२१ आणि ६/२१. म्हणजे २/७ लहान. मग ती थांबली. एक तृतीयांश होता, त्यात वर पाव घातला, आणि जे झालं ते मुळातल्या तृतीयांशापेक्षा कमी.

"मिळवल्यावर कमी कसं होईल?"

"शेअर बाजारात होतं," मी म्हटलं. "वहीत नाही व्हायचं."

ती हसली नाही. तिला उत्तर खोडायचं होतं, पण आपली रीत का चुकली हे कळल्याशिवाय खोडायचं नव्हतं. हा हट्ट तिने कुणाकडून घेतला ते मला ठाऊक आहे, पण ते पुढे.

खरं तर तिची रीत अगदीच वेडगळ नव्हती. कॉलनीच्या मैदानात ती पोरांबरोबर क्रिकेट खेळते. मी विचारलं, काल तुझ्याकडे तीन झेल आले, तू एक घेतलास. आज चार आले, एक घेतलास. दोन दिवसांचे मिळून किती? ती झटकन म्हणाली, सातातले दोन. बरोबर. इथे अंश अंशात, छेद छेदात, आणि उत्तर चोख. मग बेरजेत तेच का चालत नाही? यावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो. मलाही ते नीट मांडता येईना. शेवटी जे सापडलं ते असं : झेलांच्या हिशेबात तीन आणि चार या खऱ्याखुऱ्या वस्तू आहेत, उडालेले चेंडू. आज चार आले म्हणून एकूण चेंडू वाढले, सात झाले. भाकरीच्या तिसऱ्या भागात मात्र तीन नावाची वस्तू कुठे नाही. भाकरी एकच. तीन म्हणजे ती किती बारीक कापली याची खूण. एका भाकरीचे तीन केले, दुसरीचे चार केले, तर सुरी काही सात वेळा चालत नाही. छेद या शब्दाचा अर्थच कापणं. तो तुकड्याचं माप सांगतो, मोजायचे तुकडे वर अंशात असतात.

"मग वेगवेगळ्या मापाचे तुकडे मोजायचे कसे?"

टेबलावर केळी होती. बुधवारी गंगेवरच्या बाजारातून आणली तेव्हा हिरवट होती, शनिवारपर्यंत ठिपके धरले होते. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बुधवारी बाजाराला जातो तो "गंगेवर" जातो.) डझनभर केळी, दोन ओळींत सहा-सहा मांडली. याचा तिसरा हिस्सा किती? चार केळी. पाव हिस्सा? तीन. मिळून सात. बारांतली सात.

"सात छेद बारा," ती म्हणाली. मग एकदम, "म्हणजे तीन पूर्णांक सात छेद बारा!" आणि ३ पूर्णांक २/७ वर तिने अशी काट मारली की पान फाटायचं राहिलं.

मी विचारलं, बाराच का? दहा केळी आणली असती तर? दहाचा तिसरा हिस्सा निघत नाही, पावही निघत नाही, केळं कापावं लागलं असतं. चोवीस आणली असती तर दोन्ही निघालं असतं, पण एवढी केळी खाणार कोण? तीन आणि चार या दोघांनाही पुरेल अशी सगळ्यांत लहान संख्या बारा. पुस्तकात तिला लसावि म्हणतात, लघुतम सामाईक विभाज्य. नावच इतकं जड की त्याखाली केळी दिसत नाहीत.

"म्हणजे केळीवाल्याला लसावि येतो?"

येतोच की. बाजारात डझनाचा जो हिशेब चालतो तो याच सोयीने. बाराला दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो. दहाला फक्त दोन आणि पाच.

आई आतल्या खोलीत मेथी निवडत होती. तिथून आवाज आला, "काय चाललंय गं एवढं? सरळ सांग ना, सव्वा आणि पाऊण किती?"

"दोन," भाची म्हणाली.

"पावणेदोन आणि अडीच?"

इथे भाचीने बोटं मोडली, पावणेदोन म्हणजे १ पूर्णांक ३/४ असं पुटपुटली, अर्ध्याचे २/४ केले, पाच चतुर्थांश झाले, त्यातला एक पूर्ण काढून पूर्णांकांत टाकला. "सव्वाचार?" आजीने ते कधीच सांगून टाकलं होतं. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने आयुष्यात लसावि काढलेला नाही.

पण तिला तो लागतच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. आपल्या घरात जेवढे अपूर्णांक वावरतात ते सगळे निम्म्याच्या पोटातले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. अर्ध्यात पाव बरोबर दोनदा बसतो, मग छेद समान करायला वेगळी खटपट कशाला? आईकडे भांडीबाजारातून घेतलेलं पितळी मापटं अजून आहे, तांदूळ त्यानेच मोजते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वरून खाली नुसती निम्म्याची उतरंड. जुन्या शाळेत पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. म्हणजे साडेतीनचा पाढा होता, आणि तिसऱ्या हिश्श्याचा नव्हता.

साडेतीनवर तर आपलं फारच प्रेम. मुहूर्त साडेतीन : पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा दिवाळीचा पाडवा. शक्तिपीठंही साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन आणि अर्धं आमच्या जिल्ह्यातलं, वणीची सप्तशृंगी. लहानपणी मला याचा फार राग यायचा. गडाच्या एवढ्या पायऱ्या चढून जायचं आणि पीठ अर्धं? आमचे वडील, आप्पा, म्हणायचे, अरे, त्या अर्ध्यावाचून तिघींना साडेतीन म्हणता येत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापाने, दक्षिणा सव्वा रुपया. एक पूर्णांक एक तृतीयांश रवा घेऊन या, असं कुठल्या देवाने आजवर मागितलेलं नाही.

तिसरा हिस्सा आपल्या भाषेत असा उपराच राहिला. त्याला बोलावायचं तर संस्कृतातून तृतीयांश आणावा लागतो, नाहीतर "तीनातला एक" असं लांबण लावावं लागतं. सव्वादोन एका श्वासात होतं, एक पूर्णांक एक छेद तीन म्हणताना वाटेत थांबावं लागतं.

शास्त्राला मात्र तो कधीच परका नव्हता. इथून मनमाडमार्गे रेल्वेने निघालं की जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव लागतं. त्याच्याजवळ पाटणादेवीच्या रानात एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. आजोबांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त अपूर्णांकांचा छेद समान करण्याचा विधी आहे, नाव समच्छेदविधान. एकाच्या छेदाने दुसऱ्याच्या अंशाला आणि छेदाला गुणायचं, दुसऱ्याच्या छेदाने पहिल्याच्या. शाळेत अजून शिकवतात तेच. पण लगेच पुढे दुसरी वाट सांगितली आहे : दोन्ही छेदांना एखाद्या संख्येने भाग जात असेल तर आधी तो घालवून घ्यावा आणि उरलेल्यांनी गुणावं. आणि असं करणाऱ्याला तिथे शहाणा म्हटलं आहे. तीन आणि चारांत हा प्रश्न येत नाही, त्यांच्यात सामाईक काही नाही, गुणाकारच बारा. पण चार आणि सहा असते तर पहिला गडी चोवीसपर्यंत जाऊन दमला असता, आणि शहाणा बारावर थांबला असता. त्या काळी अंश आणि छेद यांच्यामध्ये आडवी रेघसुद्धा नव्हती. पूर्णांक सगळ्यांत वर, त्याखाली अंश, त्याखाली छेद, तीन मजली घर. भाचीला ते फार आवडलं. तिने आमचं गणित तसं मांडून पाहिलं आणि म्हणाली, "रेघ नसली की कोण कुणाच्या खाली आहे तेवढंच कळतं."

मग मी तिला दुसरी रीत दाखवली. पूर्णांक वेगळे न काढता सगळंच अंशाधिक करून टाकायचं. १ पूर्णांक १/३ म्हणजे ४/३. २ पूर्णांक १/४ म्हणजे ९/४. छेद बारा केला की १६/१२ आणि २७/१२, मिळून ४३/१२. बारा त्रिक छत्तीस, उरले सात. तेच ३ पूर्णांक ७/१२. तिने दोन्ही उत्तरं जुळतात म्हणून टाळी वाजवली.

मी मात्र त्या ४/३ आणि ९/४ कडे बघत बसलो.

चार छेद तीन. नऊ छेद चार.

हाताला आले ते आकडे लिहिले, असं मी वर म्हटलं. ते हाताला कुठून आले ते आत्ता कळलं. चार एकर आणि तीन भावंडं. नऊ एकर आणि चार भावंडं.

आमच्या आजोबांनी दिंडोरी तालुक्यात चार एकर जमीन स्वतःच्या कष्टाने घेतली होती. पाण्याची सोय असलेली, आता तिथे द्राक्षबाग आहे. आजी आधी गेली, आजोबा १९८७ साली. मृत्युपत्र नव्हतं. मागे आप्पा, काका आणि आत्या. काका शेतावर राहत, आप्पा सातपूरला कारखान्यात, आत्या लग्न होऊन निफाडकडे. दहाव्या-बाराव्याचं आटोपल्यावर काकांनी विषय काढला तो सरळ होता : चार एकर, दोन भाऊ, दोन-दोन एकर. आत्याचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं, तिला साडी-चोळी करायची, दिवाळीला माहेरपण चालूच राहील. गावात सगळीकडे असंच होत होतं. निम्मे-निम्मे म्हणायला तोंडालाही सोपं.

आप्पा म्हणाले, तीन हिस्से.

कायद्याने ते बरोबरच होतं. वडिलांनी स्वतः घेतलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखे वारस, हे १९५६ सालच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलींना मुलांसारखा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली आला, पण आमच्या चार एकरांना तेवढी वाट बघायची गरज नव्हती. गरज होती ती कुणीतरी तीन म्हणायची. आप्पा भांडखोर नव्हते, उलट जरा भिडस्तच. फक्त एखादी गोष्ट का, हे कळल्याशिवाय ते खोडत नसत.

त्या दिवशी ओसरीवर जो हिशेब झाला तो मला आठवतो, कारण मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पाटीवर मीच लिहीत होतो. चार एकर भागिले तीन. एकराचे गुंठे चाळीस. चाळीसला तीनने भाग जात नाही. प्रत्येकी १ एकर १३ गुंठे, आणि वर गुंठ्याचा तिसरा भाग. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्याचा तिसरा भाग म्हणजे ११ फूट रुंदीची एक पट्टी. "बघा," काका म्हणाले, "जमीनसुद्धा तीनाला नको म्हणतेय."

शेजारचे एक म्हातारे कारकून, कोर्टात नोकरी केलेले, तिथे बसले होते. त्यांनी कागदावर आत्याच्या नावापुढे लिहिलं : ५ आणे ४ पै. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, रुपयातला तिसरा हिस्सा. सोळा आण्यांचे तीन भाग होत नाहीत, पण आण्याच्या पै बारा असतात. रुपयाच्या पै १९२. तीनने भाग लावा, ६४ येतात. पाच आणे चार पै. काही उरत नाही.

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, जुन्या माणसाची जुनी मोजणी. आता वाटतं, चवली-पावली-अधेली असा निम्म्यानिम्म्याने चालणारा रुपया, पण तळाशी कुणीतरी बारा ठेवून दिले होते, तिसऱ्यासाठी. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा चार आण्यांचे पंचवीस सुबक झाले, एका आण्याचे सव्वासहा झाले, आणि रुपयाचा तिसरा हिस्सा तेहेतीस पैशांवर जाऊन अडकला तो कायमचा. शंभराला तीनने भाग जात नाही. सोय करताना कुणाची गैरसोय होते ते लगेच दिसत नाही.

तर आप्पांच्या वाट्याला १ पूर्णांक १/३ एकर आली. काका वर्षभर बोलत नव्हते. मग बोलायला लागले. आत्याचा हिस्सा तेच कसत राहिले आणि दर हंगामाला तिचे पैसे देत राहिले. हेही सांगायला हवं, नाहीतर काका उगाच खलनायक व्हायचे.

आता दुसरा आकडा. आईचं माहेर सिन्नर तालुक्यात. तिच्या वडिलांची नऊ एकर, सगळी जिरायत, बाजरी-मठ पिकवणारी, पण एका कोपऱ्यात बांधीव विहीर. दोन मामा, मावशी आणि आई. नऊ एकरांचे चार वाटे केले तर प्रत्येकी २ पूर्णांक १/४. सिन्नरच्या कोरड्या एकराची दिंडोरीच्या ओलिताच्या एकराशी बेरीज करायची तर आणखी वेगळे छेद समान करावे लागतील, पण कागदावर एकर तो एकर. चाळीसला चारने भाग जातो, म्हणून पावाला काही अडचण नाही : २ एकर १० गुंठे.

दोन्ही मिळवा. ३ एकर २३ गुंठे आणि गुंठ्याचा तिसरा भाग. ३ पूर्णांक ७/१२ एकर. आता उताऱ्यावर हेक्टर-आर लिहितात. त्यात ५४ आर आणि ९१ आर, मिळून १ हेक्टर ४५ आर. दशांशचिन्हाने ती ११ फुटांची पट्टी गिळून टाकली, कुणाला कळलंही नाही.

आणि हा उत्तराचा अपूर्णांक बघा. सात, तिरकी रेघ, बारा. जमिनीच्या ज्या कागदाला महाराष्ट्रात लहान पोरसुद्धा सातबारा म्हणतं तो असाच लिहितात. त्याचा अपूर्णांकाशी काडीचा संबंध नाही हे मला माहीत आहे. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना बारा म्हणजे तीत पीक काय, दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. पण बापाकडचा तिसरा हिस्सा आणि आईकडचा चौथा हिस्सा एकत्र केल्यावर नेमके सात छेद बारा यावेत, याला मी काय करू? भाचीने ते माझ्या आधी पाहिलं होतं. "मामा, सातबारा!" म्हणून ती ओरडली, आणि मी "हो गं" म्हणून पान उलटलं.

कारण ही बेरीज कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. आईने १९८१ सालीच हक्कसोडपत्रावर सही करून दिली होती. मावशीनेही. मामांनी मागितली, त्यांनी दिली. भांडण नाही, रुसवा नाही, परतताना दोघींना साड्या आणि पोतंभर बाजरी. नऊ एकर दोघा भावांत गेली, साडेचार-साडेचार. त्या आकड्याला नाव होतं.

आप्पांनी आत्याचा हिस्सा काढायला लावला तेव्हा काकांनी त्यांना ऐकवलं होतं, "बायकोचं सोडलंत आणि बहिणीचं देताय. दोन्हीकडून खोट." आप्पांनी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक दिलंच नसेल. आई चुलीपाशी होती, तिने भाकरी थापायची थांबवली नाही, हे आठवतं. आप्पांनी तिच्या सहीच्या वेळी तिला अडवलं का नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. सहा वर्षांत माणूस तेवढा बदलला असेल, किंवा सासरच्या मिळकतीत जावयाने बोलू नये एवढं साधं असेल. त्या पिढीचं बरंचसं न बोलणं मी असंच दोन्ही बाजूंनी मोजत असतो आणि उत्तर जुळत नाही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. त्यांच्या १ पूर्णांक १/३ एकराला आता वारस तीन : आई, ताई आणि मी. पुन्हा तीनच. ४/३ ला तीनने भागलं की ४/९ एकर, म्हणजे १७ गुंठे आणि वर गुंठ्याचे ७/९. वारस नोंदीचे कागद घेऊन गेलो तेव्हा समोरच्या माणसाने फाईल चाळून अगदी सहज विचारलं, "बहिणीचं हक्कसोड जोडलं नाही?" जणू आधार कार्डाची झेरॉक्स राहिली. मी म्हटलं, नाही जोडलं. तो म्हणाला, मग जोडून आणा, सोपं जातं. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "पाठव, सही करते. मला काय करायचीय तिथली माती?" तिचा आवाज थेट आईसारखा. ती गोष्ट तशीच पडून आहे. कागद कपाटात, बँकेच्या जुन्या पिशवीत. रोज उद्यावर ढकलतो.

भाची अजून वहीत होती. तिने सगळं गणित नव्या पानावर स्वच्छ उतरवलं, पूर्णांक वेगळे काढून एकदा, अंशाधिक करून एकदा, आणि मोठ्याने वाचून आजीला ऐकवायला आत गेली. मीही मागोमाग गेलो. आईसमोर मेथीच्या काड्यांचा ढीग पडला होता.

"एक पूर्णांक एक छेद तीन अधिक दोन पूर्णांक एक छेद चार..."

"सव्वादोन म्हण," आई म्हणाली.

"हो. सव्वादोन. आणि हा पहिला? एक पूर्णांक एक छेद तीन? त्याला काय म्हणायचं?"

"त्याला नाव नाही."

"असं कसं?"

"नाही म्हणजे नाही. तो तुझ्या आजोबांचा." आईने मेथीची एक जुडी सोडली, दोरा बोटाला गुंडाळून बाजूला ठेवला. भाची पुढचं वाचायला लागली होती, छेद बारा, चार आणि तीन सात, पण आईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"सव्वादोन," ती म्हणाली. "विहिरीसकट."